माझ्या नावावरचा बदली

४ फेब्रुवारी २०१९, सोमवार

आलो एकदाचा मुंबईत, आणि सामानातलं काहीही फुटलं नाही. ही वही राधाने निघताना पिशवीत कोंबली. रोज काहीतरी लिहीत जा, म्हणजे फोनवर बोलायला तुझ्याकडे काही असेल, असं म्हणाली. टोमणा होता, पण वही जाडजूड आहे म्हणून ठेवून घेतली.

खोली फर्स्ट क्लास मिळाली. डिलाईल रोडची बीडीडी चाळ, दुसरा मजला. मालनताई जाधव पालिकेच्या शाळेत शिकवतात. त्यांचे दीर नवी मुंबईला गेल्यापासून शेजारची खोली रिकामी होती, ती मला दिली. दारात पाऊल ठेवतो न ठेवतो तोच त्यांनी चहा आणि बोंबलाची चटणी-भाकरी पुढे केली. त्यांचे सासरे धोंडूआबा ऐंशीला टेकलेत, दिवसभर व्हरांड्यात स्टुलावर बसून असतात. मी चहा पिता पिता सगळे प्लग तपासले, नळ सोडून पाहिला, दाराची कडी हलवून पाहिली. आबांनी विचारलं, भाडेकरू आलाय का फॅक्टरी इन्स्पेक्टर?

काय करणार, स्वभावाला औषध नाही. आई म्हणते, या पोराला प्रसादाच्या शिऱ्यातसुद्धा आधी खडा शोधायचा असतो. खरं आहे. पण या खोडीवरच माझं पोट चालतं. साताऱ्यात सात वर्षं इंटरनेटच्या लाइनी दुरुस्त केल्या आणि शिकलो एवढंच की जो तो सांगतो माझ्याकडे सगळं ठीक आहे, आणि कुणाकडे तरी ते नसतंच.

ऑफिस चालत दहा मिनिटांवर. एका जुन्या मिलच्या जागेवर काचेचे टॉवर उभे राहिलेत, पण गेटजवळची बैठी दगडी इमारत तेवढी ठेवली आहे. तिथे आमची अकरा जणांची कंपनी. 'चढाई' नावाचा ऑनलाइन कबड्डीचा गेम बनवते. चौदा खेळाडू चौदा घरांतून खेळतात, एक लालबागचा तर दुसरा लुधियानाचा. गेम झकास आहे, फक्त ऐन रंगात अडखळतो. तो का अडखळतो ते शोधायला मला आणलं आहे. सर्व्हरचं काम बघणारी बकुळा सामंत म्हणाली की याच कामाला तीन माणसं आली आणि गेली. मी म्हटलं, मी जाणार नाही, माझी बायको सहाव्या महिन्यात आहे.

राधा सध्या साताऱ्याला माझ्या आईजवळ आहे. सातव्यात माहेरी येईल, म्हणजे गिरगावातल्या फणसवाडीला, इथून अर्ध्या तासावर. सासुरवाडीतच राहा असा आग्रह झाला होता, पण दीड खोलीत जावई म्हणजे रोजचा पाहुणचार, आणि पाहुणचाराचं मला वावडं. संध्याकाळी सातला तिला फोन केला. बाळ आज चांगलंच हललं म्हणाली. मी तेव्हा व्हरांड्यातली केबल कुठून आली आहे ते बघत होतो, त्यामुळे पुढचं नीट ऐकलं नाही. उद्या विचारीन.

७ फेब्रुवारी, गुरुवार

लॅगचा, म्हणजे या अडखळण्याचा, तपास पोलिसांच्या तपासासारखाच. संशयित तीन. खेळाडूचं घर, मधला रस्ता आणि आमचा सर्व्हर. पहिलं हत्यार पिंग. पिंग म्हणजे हाक. इकडून हाक मारायची आणि तिकडून 'ओ' यायला किती वेळ लागला ते मोजायचं. सेकंदाच्या पंचविसाव्या हिश्शात ओ आली तर उत्तम. त्याच्या चौपट लागला की गेम जड होतो. आणि शंभरातल्या चार-पाच हाकांना ओ आलीच नाही, तर मग गेम आंधळाच होतो.

आज वरळी कोळीवाड्यात धर्माकडे गेलो. हा पहाटे बोटीवर असतो आणि दुपारी चढाई खेळतो. आमच्या पहिल्या दहा खेळाडूंतला. त्याची तक्रार सर्वांत जोरात होती. साहेब, आपण लाइनीच्या पार आलेलो असतो तरी पकडला दाखवतो, घरच्यांनी बघितलंय, असं त्याचं म्हणणं. मी ते मुळीच खरं धरलं नाही. घरात शिरल्यावर आधी राउटर शोधला. तो होता बर्फाच्या पेटीमागे, पत्र्याला टेकून. शिवाय त्याची बहीण गिऱ्हाइकांना ताज्या मासळीचे व्हिडिओ पाठवते, तेही त्याच लाइनीवरून. म्हणजे हा चढाईला निघाला की सुरमई आधी बाहेर पडायची आणि हा मागे राहायचा.

राउटर वर फळीवर चढवला, धर्माला वेगळी वायर टाकून दिली, आणि गेमच्या माहितीची पाकिटं आधी, सुरमई नंतर, अशी सोय करून दिली. ओ लगेच येऊ लागली. त्याच्या आईने खूश होऊन पापलेट दिलं. मी कल्ले उघडून पाहिले. ती रागावली नाही, उलट सगळ्यांना सांगत सुटली की हा माणूस फसायचा नाही.

१२ फेब्रुवारी, मंगळवार

घरं दुरुस्त करून भागत नाही. निम्मा दोष रस्त्यात आहे, आणि रस्ता काही माझ्या बापाचा नाही. खेळाडूची खबर मध्येच अर्धा सेकंद येत नाही. अशा वेळी सर्व्हरने काय करायचं? बकुळाने अशी सोय केली आहे की खबर आली नाही तर खेळाडू शेवटच्या दिशेनेच चालत राहतो. म्हणजे धर्मा पळत असेल तर पळतच राहतो आणि थेट पकडणाऱ्यांच्या मिठीत जाऊन पडतो. मग लोक शिव्या देतात.

माझं म्हणणं, सर्व्हरने अंदाज नीट बांधावा. त्या खेळाडूचे जुने सामने बघायचे, तो अशा वेळी काय करतो ते शिकायचं, आणि तो गैरहजर असेल तेवढा वेळ त्याच्या जागी तसंच खेळायचं. तो परत आला की बाजूला व्हायचं.

हे मी आबांना सांगत होतो. ते म्हणाले, अरे हा तर बदली. तुमच्या त्या कचेरीच्या दगडी इमारतीतच पूर्वी मिलचं हजेरीचं मस्टर असायचं. आबा सूत काढायच्या रिंग खात्यात अकरा वर्षं बदली होते. सकाळी गेटवर उभं राहायचं. कायम कामगाराने खाडा केला, म्हणजे तो आला नाही, की मुकादम बदलीला आत घ्यायचा. त्या माणसाच्या साच्यावर, म्हणजे यंत्रावर, त्याच्या टिकिट नंबरावर दिवस काढायचा. असे वर्षात दोनशे चाळीस दिवस भरले की बदलीला कायम करावं लागे. म्हणून मिलवाले दोनशे अडतीसला ब्रेक द्यायचे, म्हणजे घरी बसवून मोजणी परत पहिल्यापासून. आबांना सात वेळा ब्रेक मिळाला, मग संप आला आणि गेटच बंद झालं. हे सगळं त्यांनी हसत सांगितलं, पण त्यांचा हात स्टुलाच्या कडेवरून सुटला नव्हता.

नाव मात्र आवडलं मला. आमच्या अंदाजवाल्याचं नाव बदली.

१५ फेब्रुवारी, शुक्रवार

बदली तयार झाला. चाचणीसाठी त्याला कुणाच्या तरी नावावर कामाला लावायचा होता, म्हणून माझ्याच नावावर लावला. तो किती वेळा उभा राहतो ते कळावं म्हणून त्याला रीतसर टिकिट नंबर दिला आणि मस्टर उघडलं. माझा एक खाडा, त्याची एक हजेरी. आणि गंमत म्हणून खाली एक ओळ घातली की दोनशे चाळीस हजेऱ्या भरल्या की हा कायम समजावा. बकुळाने विचारलं, या ओळीने होणार काय? मी सांगितलं, काहीच नाही, आमच्या आबांच्या मानासाठी आहे.

आबांना वाटलं होतं आवडेल. ते चिडले. म्हणाले, मस्टरवर नाव चढवलंस ना, मग आता तो येणार. ती काय मस्करीची वस्तू आहे? मालनताईंनी समजूत घातली, जगदीशभाऊ, मनावर घेऊ नका, त्यांचा तो दुखरा विषय आहे. मी मनावर घेतलं नाही.

आज पाच सामने खेळलो. मी मुद्दाम वायर ढिली केली होती, बदली अकरा वेळा उभा राहिला. एकदा तर मला तिघांनी घेरलं होतं आणि त्याने त्यांच्या डोक्यावरून हनुमान उडी मारली. मला अशी उडी कधी सुचलीच नसती. मग ती तो शिकला कुणाकडून?

२६ फेब्रुवारी, मंगळवार

इथे काहीतरी शिजतंय.

वायर आता घट्ट आहे. आज दिवसभर शंभरातल्या शंभर हाकांना ओ आली. रस्ता साफ, सर्व्हर साफ. तरी मस्टरवर बदलीच्या आज नऊ हजेऱ्या. एकूण अठ्ठावन्न. म्हणजे नऊ वेळा लाइन चालू असून माझ्याकडून खबर गेली नाही. प्रत्येक वेळी दोन-तीन सेकंद. बटणांवर हात माझा, तो थांबला असता तर मला कळलं नसतं?

बकुळावर माझा संशय आहे. नवीन माणसाची गंमत करायची सवय असते काही लोकांना. मी पासवर्ड बदलला. मग लॅपटॉपचा कॅमेरा लावून स्वतःचंच चित्रण केलं आणि मस्टरच्या वेळा त्याच्याशी ताडून पाहिल्या. तीन वाजून बारा मिनिटांनी मी गैरहजर असल्याची नोंद. चित्रणात मी तिथेच बसलेला, हेडफोनवर साथीदार बोलताहेत, बोटं चालताहेत. सगळं नेहमीसारखं. चौथ्यांदा बघताना दिसलं की माझे ओठ हलताहेत. दम धरून कबड्डी कबड्डी म्हणतात तसे, न थांबता.

मला लहानपणापासून दमा. मैदानावरची कबड्डी मी आयुष्यात खेळलेलो नाही.

४ मार्च, सोमवार

राधा आज फोनवर एकदम खुशीत. काल किती छान बोललास म्हणाली. बाळाच्या लाथा मोजायला लावल्यास, मला आंबट खावंसं वाटतं ते तुझ्या लक्षात होतं, आणि एकदाही हं हं केलं नाहीस. मी विचारलं, किती वेळ बोललो आपण? ती म्हणाली, असेल पाऊण तास.

काल मी तिच्याशी सात-आठ मिनिटं बोललो. मग ती आईच्या गुडघ्यांचं काहीतरी सांगत होती, मी पाकिटांच्या हिशेबाचा विचार करत होतो, आणि मग मी चहा पीत होतो. फोनमध्ये पाहिलं. सत्तेचाळीस मिनिटं.

हे गेमपुरतं नाही.

खाली उतरताना मालनताईंनी आभार मानले. त्यांचं पाण्याचं पिंप मी सकाळी वर चढवून दिलं म्हणे, आणि आबांच्या पायाला तेल लावून दिलं. मी? मी तर सकाळी त्यांच्याशी बोललोसुद्धा नव्हतो. माझ्या बोटांना राईच्या तेलाचा वास येत होता.

१२ मार्च, मंगळवार

आज बदली काढून टाकला. अंदाजाचं सगळं काम पुसलं, मस्टर पुसलं, टिकिट नंबर पुसला. सकाळी दहाला. दुपारी एकला बघतो तर सगळं जागच्या जागी. हजेऱ्या एकशे एकतीस.

बकुळाच्या टेबलाशी जाऊन मी आवाज चढवला.  तिने माझीच मेल दाखवली, आज सकाळी अकराची. बदली काढू नये, सकाळी माझ्याकडून चुकून पुसला गेला, कृपया परत चढवावा, आणि तुम्ही इतके दिवस केलेल्या मदतीबद्दल मनापासून आभार.

मी कधी कुणाचे आभार मानत नाही. हे ऑफिसात सगळ्यांना माहीत आहे. बकुळा म्हणाली, हल्ली तुम्ही बरेच बदललात, आम्हा सगळ्यांना बरं वाटतंय, आणि आज परत हे काय?

अकराला मी काय करत होतो ते आठवत नाही. अकरा वाजलेलेच आठवत नाहीत.

१७ मार्च, रविवार

राधा आली. फणसवाडीला पोचवून आलो. पोट चांगलंच दिसतंय आता, चालताना कमरेवर हात ठेवते. जिन्यावर तिने माझा हात धरला. ही माझी बायको आहे, ते माझं मूल आहे. बाकी सगळं गेलं खड्ड्यात, ही जागा मी कुणाला देणार नाही.

१९ मार्च, मंगळवार

आबांना सरळच विचारलं, बदलीला घालवायचं कसं? त्यांनी मला वेड्यात काढलं नाही. स्टुलावर जरा सरकून बसले आणि म्हणाले, एकच उपाय. खाडा करायचा नाही. माणूस कामावर हजर असला की बदली गेटवरून माघारी जातो. आणि दोनशे चाळीस भरले तर? तर तो कायम. मग ज्याचं नाव होतं त्याने गेटवर उभं राहायचं.

मग त्यांनी न विचारता सांगितलं. ते ज्याच्या जागी जायचे तो लालबागचा माणूस, छातीने आजारी. भला माणूस, डब्यातलं द्यायचा. आबा म्हणाले, मी काय वाईट नव्हतो रे. पण रोज सकाळी गेटवर वाटायचं, आज याने येऊ नये.

चार दिवसांपासून मी माझाच तपास सुरू केला आहे. स्वतःला पिंग करतो. घड्याळ दर मिनिटाला वाजेल असं लावलंय, वाजलं की वहीच्या मागच्या पानावर एक टिंब द्यायचं. टिंब नाही म्हणजे त्या मिनिटाला मी नव्हतो. पहिल्या दिवशी शंभरात चार टिंबं गळाली. काल नऊ.

३१ मार्च, रविवार

दोष सापडला. सापडला नसता तर बरं झालं असतं.

टिंबं कधी गळतात ते मांडून पाहिलं. काम करताना नाही. झोपेचा प्रश्न नाही. रस्त्याने जाताना नाही. कुणी माझ्याशी बोलत असलं की गळतात. मालनताई चाळीच्या मीटिंगबद्दल सांगताना तीन. सासूबाई बोलताना सहा. राधाशी बोलताना टिंबंच नाहीत, सबंध ओळ कोरी. ती बोलायला लागली की मी हं म्हणतो आणि दुसऱ्याच विचारात जातो. आजचं नाही हे. लग्न झाल्यापासूनचं. पूर्वी तिथे कुणी नसायचं एवढंच, आता कुणीतरी उभा राहतो.

म्हणजे रस्ता साफ होता. सर्व्हर साफ होता. तिसरा संशयित उरतो तो मी.

हजेऱ्या एकशे अठ्ठ्याण्णव.

६ एप्रिल, शनिवार

राधाला सगळं सांगायचं ठरवून फणसवाडीला गेलो. तिला बाजूला बसवलं, मस्टर, टिंबं, मेल, सगळं सांगितलं. घाबरेल असं वाटलं होतं. ती माझ्या केसांतून हात फिरवून म्हणाली, अरे, हे सगळं परवाच सांगितलंस ना मला. कामाचा ताण आहे, असे भास होतात, मी पुन्हा असं काही बोललो तर घाबरू नकोस, जवळ घे आणि गप्प बस, असं तूच सांगितलंस.

तो माझ्या आधी येऊन गेला. तो मला ओळखतो. मी त्याला शिकवलाय मला ओळखायला.

मी विचारलं, परवाचा मी कसा होतो? ती लाजली. म्हणाली, परवा तू होतास. इतकंच.

१४ एप्रिल, रविवार

चाळीत जयंती. निळे झेंडे, ढोल, खीर. मालनताई म्हणाल्या, जगदीशभाऊ, काय नाचलात मिरवणुकीत!  आबांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि विचारलं, कोण आहेस? मी म्हटलं, मीच. ते म्हणाले, मग उभा का राहिलास असा, गेटवर राहतात तसा?

नोकरी सोडली तर? सर्व्हरच्या हातातही नाही ते आता. गुरुवारपासून ऑफिसला गेलो नाही, तरी हजेऱ्या चढताहेत. दोनशे सव्वीस.

२० एप्रिल, शनिवार

दोनशे एकोणचाळीस. मिल असती तर ब्रेक मिळाला असता त्याला. ब्रेकची ओळ मी घातलीच नाही— मला सुचलंच नाही—

उद्या राधाकडे जाणार. दिवसभर बसणार. ती बोलेल ते ऐकणार. एकच एक दिवस नीट ऐकायचं, एवढं तर जमेल? माणसाला एवढं जमत नाही का?

२१ एप्रिल, दुपार

राधा समोर आहे. मी हे मांडीवर वही घेऊन लिहितोय, ती हसतेय. ती बाळाच्या झबल्यांचं सांगतेय. सात झबली, चार टोपडी, एक दुपटं आईच्या जुन्या साडीचं. ऐकतोय मी. शिवण उलटी ठेवायची, बाळाला टोचू नये म्हणून. ऐकतोय. दाई नको, गिरगावातल्याच प्रसूतिगृहात नाव घातलंय. ऐकतोय. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. ही तिसरी का चौथी—

तारीख माहीत नाही

मी गेटवर आहे.

गेट कुठे ते सांगता येत नाही. सगळं ऐकू येतं. तो खोकला तर माझी छाती हलत नाही. तो राधाशी बोलतो तेव्हा हं म्हणत नाही, पुरं उत्तर देतो.

तारीख माहीत नाही

वही त्याने फेकली नाही. पेनही आत ठेवतो. का— कीव येत असेल.

तो खाडा करत नाही. जवळजवळ नाही. एकटा असला की कधी खिडकीबाहेर बघत बसतो, तेवढंच. दोन सेकंद. एका खाड्यात एक वाक्य होतं.

राधाला चिठ्ठी लिहावी म्हटलं. राधा, हा— एवढंच झालं. त्याने ती वाचली, घडी घालून परत वहीत ठेवली.

तारीख माहीत नाही

तो वाईट नाही. हेच तर—

रोज सकाळी मला वाटतं, आज याने येऊ नये.

कॅलेंडरवर २३ मे दिसतंय

मुलगी झाली. चार दिवस झाले.

नर्सने त्याच्या हातात दिली तेव्हा तो दचकला. पहिल्यांदाच दचकला. तो खाडा मला मिळाला.

हात माझे झाले. वजन कळलं. वाटलं होतं त्यापेक्षा जड.

ऊब इथे कोपरापर्यंत आली.

राधा बोलत होती. सगळं ऐकलं. एकेक शब्द— कळा पहाटेच सुरू झाल्या, आई घाबरली, मी नाही घाबरले. ऐकलं मी. ती म्हणाली, बघ ना रे, नाक कुणाचं आहे.

मी बघायला मान वाकवली आणि—